दोन इंच की तीन इंच? आधी गाडीखाली झोपा

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाने थार घेतली, सेकंडहँड, २०२१ ची, फोर बाय फोर डिझेल, आणि गाडी घरी येऊन आठ दिवस झाले नाहीत तोवर रात्री अकराला मेसेज आला, "दादा लिफ्ट किट टाकायचंय, दोन इंच टाकू की तीन?" लिफ्ट किट म्हणजे गाडी जमिनीपासून उंच करायचं सामान. मी विचारलं गाडी घासते कुठे? तर म्हणे घासत वगैरे नाही अजून, पण ग्रुपमधल्या सगळ्यांच्या उंच आहेत आणि माझी त्यांच्या शेजारी उभी केली की बसकी दिसते. उत्तर निदान प्रामाणिक होतं. उंच गाडी दिसते भारी, त्यात खोटं काय, पण नुसतं दिसण्यासाठी टाकायचं असेल तर तसं आधीच कबूल करावं म्हणजे मग हिशोब सोपा होतो, सगळ्यात कमी उंचीचं आणि सगळ्यात कमी बिघडवणारं काय ते बघायचं आणि गप्प बसायचं. खरोखर दगडातून, ओढ्यातून, चिखलातून न्यायची असेल तर मात्र इंचाचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो.

मी त्याला म्हटलं पहिल्या रविवारी मुळशीच्या पुढे कुठेतरी कच्च्या रस्त्याला घाल, जरा खडबडीत जागी, आणि घरी आलास की गाडी धुवायच्या आधी टॉर्च घेऊन खाली झोप. चिखल वाळलेला असतो, त्यात जिथे जिथे दगड लागलाय तिथे रंग खरवडून लोखंड चकाकत असतं. त्या चकाकणाऱ्या जागा मोबाईलवर टिपून घे. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही दुकानदारापेक्षा जास्त खरं सांगतं, कारण गाडी चार प्रकारे घासते आणि चारही प्रकारांवर औषध वेगळं आहे.

पुढचा बंपर घासला म्हणजे चढाला लागताना नाक टेकतंय. मागचा बंपर किंवा टो हुक घासला म्हणजे उतरून सपाटीला येताना शेपूट टेकतंय. पोट घासलं, म्हणजे चासीचा मधला भाग, गिअरबॉक्सखालची प्लेट, किंवा दाराखालचा पायपुसण्याइतका रुंद साईड स्टेप, तर गाडी उंचवट्यावर मधोमध बसतेय. आणि चौथं म्हणजे मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, मधला तो मोठा गोळा, ज्याच्या आत डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) असतं, त्यावर ओरखडे असले तर दोन चाकांच्या मधून गेलेला दगड त्याला लागलाय.

आता गंमत अशी की हा जो चौथा आहे ना, गोळा, तो सस्पेन्शन लिफ्टने एक मिलिमीटरसुद्धा वर जात नाही. हे ऐकून निम्म्या लोकांचा विश्वास बसत नाही. पण विचार करा, पूर्वी घरात पलंगाखाली ट्रंका सरकवायला पायांखाली विटा ठेवायचे. विटा ठेवल्या की पलंग, गादी, वरचा माणूस, सगळं वर जातं, पण विटा ज्या फरशीवर आहेत ती फरशी तिथेच. सस्पेन्शन म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप, ते बसतात ॲक्सल आणि चासीच्या मध्ये. स्प्रिंग उंच केली की चासी वर, बॉडी वर, बंपर वर. ॲक्सल मात्र चाकाच्या बरोबर मधोमध असतो, तो चाक ठरवेल तेवढ्याच उंचीवर राहणार. म्हणून गोळा वर न्यायचा असेल तर एकच उपाय, टायर मोठा करा. तोसुद्धा निम्माच फायदा देतो, कारण टायरचा व्यास ४० मिमी वाढला तर त्याचा मध्यबिंदू २० मिमीच वर जातो.

नव्या थारमध्ये हे फक्त मागच्या बाजूला लागू आहे कारण पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी हलतात, मधला गोळा चासीलाच लटकलेला, त्यामुळे पुढचा गोळा लिफ्टबरोबर वर जातो. मारुतीच्या जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर. जुन्या जिप्सीला आणि महिंद्राच्या एमएम ५४० जीपलाही तसंच.

मग लिफ्टचा फायदा कुठे? नाक, शेपूट आणि पोट. पोटाचं उदाहरण माझ्याच गाडीचं देतो कारण ते आकड्यात छान बसतं. माझी जिम्नी, पाच दारांची, भारतात मिळते तीच. मारुतीने ब्रेकओव्हर अँगल दिलाय २४ अंश, म्हणजे उंचवट्यावर मधे न टेकता गाडी किती टोकदार उंचवटा पार करू शकते तो कोन. बाहेरच्या देशात तीन दारांची जी जिम्नी मिळते तिचा हाच कोन २८ आहे. दोन्ही गाड्या जमिनीपासून तितक्याच उंच, २१० मिमी, फरक फक्त व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराचा, तीन दारांची २२५० मिमी आणि आपली २५९०. लांब गाडी, पोट मोठं, टेकतं लवकर. आता या लांब जिम्नीला ५० मिमी म्हणजे दोन इंच वर उचललं की कोन साधारण साडेचार अंशांनी वाढतो, म्हणजे आपण २८ ला पोचलो. दोन इंच लिफ्ट, चारही स्प्रिंगा, चारही शॉकअप, लाखाच्या आसपास खर्च, आणि हातात काय आलं तर छोट्या जिम्नीला जे जन्मतः मिळालंय ते. मी हे पैसे देऊन झाल्यावर मोजलं, आधी मोजलं असतं तरी टाकलंच असतं म्हणा, पण निदान डोळे उघडे ठेवून.

थारचं तुलनेत बरं आहे. व्हीलबेस २४५०, पुढचा कोन ४१.८ अंश, मधला २७, मागचा ३६.८. ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी. एवढ्यावर सह्याद्रीतल्या नेहमीच्या वाटा, जांभ्या दगडाच्या कातळसड्यावरच्या गाडीवाटा, ओढे, हे सगळं कंपनीच्या उंचीत होतं, घासलं तर बहुतेक वेळा लाइन चुकलेली असते. लाइन म्हणजे चाक कुठल्या दगडावर टाकायचं ते. चाक दगडावर चढवलं तर पोट वाचतं, दगड मधे घेतला तर गोळा आपटतो, आणि नवीन माणूस घाबरून दगड कायम मधेच घेतो. इगतपुरीला महिंद्राचीच ऑफरोड शिकवणारी ॲकॅडमी आहे, असल्या ठिकाणी एक दिवस घालवला तर किटचा निम्मा उपयोग तिथेच मिळून जातो. आणि दुसरी फुकटातली गोष्ट म्हणजे टायरची हवा. रस्त्यावर ३० पीएसआयच्या आसपास असते ती वाळूत, दगडात, चिखलात १८ पर्यंत उतरवली की टायर दगडाला पंजासारखा धरतो आणि गाडी नुसती टुणटुण उडायची थांबते, फक्त परत डांबरावर यायच्या आधी कंप्रेसरने भरायची आठवण ठेवा नाहीतर वळणावर टायर रिमवरून उतरेल.

बरं, तरीही लिफ्ट करायचीच आहे असं धरून चालू. मग क्रम उलटा लावायचा, आधी टायर ठरवायचा आणि मग त्या टायरला जागा देण्यापुरती लिफ्ट. बहुतेक लोक लिफ्ट आधी टाकतात, मग चाक बारीक दिसायला लागतं म्हणून टायर घेतात, मग टायर घासतो म्हणून अजून उंची वाढवायला स्पेसर, अशी ती साखळी कुठे थांबत नाही. जिम्नीचा कंपनीचा टायर १९५/८० आर १५, व्यास ६९३ मिमी. लोक सर्रास २३५/७५ आर १५ टाकतात, तो ७३३ मिमी. ४० मिमीचा फरक, गोळा २० मिमी वर आला, छान, पण पूर्ण स्टेअरिंग वळवलं आणि त्याच वेळी एक चाक वर दाबलं गेलं की तो आत कुठेतरी घासायला लागतो. शिवाय चाक जवळपास सहा टक्के मोठं झालं म्हणजे मीटरवर ८० दिसतं तेव्हा गाडी पूर्वी मीटरवर ८० ला जेवढी पळायची त्याहून सहा टक्के जास्त पळत असते, आणि गिअर सगळे तेवढेच लांब झाल्यासारखे वाटतात, म्हणजे घाटात जिथे तिसरा चालायचा तिथे दुसरा. १.५ लिटर पेट्रोलला हे चांगलंच जाणवतं, थारच्या डिझेलला कमी. आणि स्टेपनी मागच्या दाराला लटकलेली असते हे विसरू नका, जड टायर आणि जड रिम आलं की दाराच्या बिजागऱ्या वर्षभरात कुरकुरायला लागतात. मी शेवटी २१५/७५ वर थांबलो, ७०३ मिमी, न कापता न ठोकता बसतो आणि मला पुरतो.

आता खुद्द लिफ्ट कशी करतात ते. इथे गाडीगाडीत फरक पडतो आणि दुकानात सगळ्यात जास्त गोलमालही इथेच होते.

थारसारख्या पुढे इंडिपेंडंट असलेल्या गाडीत स्वस्तातला मार्ग म्हणजे स्पेसर. स्प्रिंग आणि शॉकअपची जी एकत्र जोडी असते तिच्या डोक्यावर, जिथे ती चासीला बोल्टने बसते तिथे, एक लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची जाड चकती घालायची. चकती एक इंचाची असली तरी गाडी एक इंच वर जात नाही, जवळपास दुप्पट जाते, कारण शॉकअप खालच्या आर्मच्या, म्हणजे चाकाला चासीशी जोडणाऱ्या हलत्या दांड्याच्या, मधे कुठेतरी बसलेला असतो आणि चाक आर्मच्या टोकाला, तरफेसारखं. म्हणून "अरे एकच इंचाचा स्पेसर आहे" असं कोणी म्हटलं तर फसू नका, चाकाशी टेप लावून मोजा, चाकाच्या मधोमधपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत, आधी आणि नंतर.

स्पेसरने स्प्रिंग तीच राहते, शॉकअप तोच राहतो, त्याची हालचालही तेवढीच राहते, फक्त सगळं खाली सरकतं. याचा अर्थ चाक हवेत लटकलं की आर्म पूर्वीपेक्षा जास्त खाली जातो, इतका की बॉल जॉइंट त्याच्या शेवटच्या कोनाला पोचतो आणि चाकाला ताकद नेणारा जो ड्राइव्ह शाफ्ट असतो त्याचा सीव्ही जॉइंट नको तितका वाकतो. माझ्या एका मित्राने असाच तीन इंचाचा प्रकार केला होता, स्पेसरवर स्पेसर, एका गॅरेजवाल्याने "काही होत नाही साहेब" म्हणून बसवून दिलं. चार महिने खरंच काही झालं नाही. मग ताम्हिणीच्या वाटेवर चहाला थांबलो असताना मी सहज त्याच्या पुढच्या चाकाच्या आत बघितलं तर रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस, पिचकारी मारल्यासारखं गोल गोल उडालेलं. सीव्हीच्या रबरी बुटाच्या घड्या सतत एकमेकींवर घासून फाटल्या होत्या. तो म्हणाला जाऊ दे घरी जाऊन बघू, पण बूट फाटल्यावर आत लाल चिखल जातो आणि ग्रीसमधे मिसळून त्याची पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते, पुढच्या दोन ट्रिपमधे वळताना कट कट कट आवाज सुरू झाला आणि पूर्ण शाफ्ट बदलावा लागला. गॅरेजवाल्याचं म्हणणं बूट खराब क्वालिटीचा होता. असेल बुवा.

म्हणून इंडिपेंडंट पुढच्याला माझी रेषा दीड, फार फार तर दोन इंच. त्यावर जायचं तर वरचे आर्म बदलावे लागतात, पुढचा गोळा खाली आणणारे ब्रॅकेट घालावे लागतात, म्हणजे जो गोळा वर गेला म्हणून आपण खूश होतो तोच परत खाली आणायचा. हसू येतं पण असंच आहे.

सॉलिड ॲक्सलवाल्या गाडीत सीव्हीचं दुखणं बरंच कमी, कारण चाक, ॲक्सल, जॉइंट सगळं एकत्र हलतं. तिथे वेगळं होतं. ॲक्सल डावीउजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा असतो, पॅनहार्ड रॉड म्हणतात, त्याचं एक टोक चासीला आणि दुसरं ॲक्सलला. चासी वर उचलली की हा दांडा तिरका होतो आणि ॲक्सलला काही मिलिमीटर एका बाजूला ओढतो, मागून बघितलं तर एक चाक बाहेर आणि एक आत. थोडं असेल तर चालून जातं, जास्त असेल तर लांबी बदलता येणारा रॉड घ्यावा लागतो.

खरा त्रास कॅस्टरचा. सायकल आठवा, हात सोडून चालवता यायची ती का, तर पुढचा फॉर्क वरून मागे आणि खालून पुढे असा कललेला असतो, म्हणून चाक आपोआप सरळ राहू बघतं. गाडीच्या पुढच्या चाकांनाही असाच थोडा कल दिलेला असतो. जिम्नीत पुढचा ॲक्सल दोन लांब आर्मनी धरलेला आहे, चासी वर गेली की हे आर्म खाली झुकतात आणि आपल्याबरोबर ॲक्सलला पुढे फिरवतात, कल कमी होतो. मी पहिल्यांदा ४० मिमीच्या स्प्रिंगा टाकल्या तेव्हा कॅस्टरचं काहीच केलं नव्हतं, बसवणाऱ्याने सांगितलंही नाही. बंगळुरू हायवेला लागलो, नव्वदच्या आसपास, आणि गाडी आपली तरंगतेय, ट्रक शेजारून गेला की अर्धी लेन सरकतेय, वळण संपल्यावर स्टेअरिंग सोडलं तर ते आहे तिथेच, परत यायचं नाव नाही. बायको म्हणाली तुला झोप येतेय का, मी चालवू का. दुसऱ्या आठवड्यात आर्ममधले बुश बदलून कॅस्टर दुरुस्त करणारे घातले, ज्यांचं भोक मधोमध नसून जरा बाजूला असतं, आणि गाडी पुन्हा माणसात आली. म्हणून दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न "किती इंच" नसावा, "कॅस्टरचं काय करणार" हा असावा. तो गोंधळला तर चहा पिऊन निघा.

जुन्या पाटेवाल्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या गाड्यांचं, जिप्सी, एमएम ५४०, मेजर, यांचं थोडक्यात सांगतो कारण त्यांचे मालक मुळातच माझ्यापेक्षा जास्त जाणतात. पाटे उतरवून कमान वाढवून घेणं हा जुना आणि स्वस्त मार्ग, पण जुन्या पाट्यांना कमान मारली तर ते काही महिन्यांत परत बसतात. लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक चासीला जोडणारी हलती पट्टी, घालणं त्याहून स्वस्त, पण शॅकल दोन इंच वाढवला तर गाडी एकच इंच वर जाते कारण पाट्याचं दुसरं टोक हललेलंच नसतं, आणि वर कॅस्टर बदलतो तो वेगळाच. २०२० च्या आधीच्या थारच्या सीआरडीई मॉडेलला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे, होते, त्यांचा बोल्ट आवळला की नाक वर येतं, पूर्ण फुकट. पण त्यात चाक खाली लटकायची जागा खाल्ली जाते आणि खड्ड्यात चाक पडलं की ठण्णकन आवाज येतो, तो आवाज म्हणजे सस्पेन्शनने हात टेकलेले असतात.

बॉडी लिफ्ट म्हणून एक आहे, चासी आणि बॉडीच्या मधे ठोकळे घालतात. टायरला जागा मिळते, बाकी पोट, चासी सगळं तिथेच. घेऊ नका, निदान पहिली गोष्ट म्हणून तर नकोच.

आता पूर्ण किट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही बदलायचे असतील तर. ऑस्ट्रेलियाचे ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन, डॉबिन्सन्स, थायलंडचं प्रोफेंडर, अशी नावं ऐकू येतात, त्यात भांडण्यात अर्थ नाही. स्प्रिंग निवडताना एकच प्रश्न महत्त्वाचा, गाडीत कायम वजन किती असणार? स्प्रिंग बनवणारे ठराविक वजन धरून उंची सांगतात. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची चरखी) असेल तर तिथेच साठ-सत्तर किलो आणि कधी त्याहून जास्त वाढतात, त्याला कडक स्प्रिंग हवी. पण पुढे काहीच नसताना तीच कडक स्प्रिंग टाकली तर ४० मिमीच्या जागी गाडी ६० ने वर जाते, नाक आकाशाकडे, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला बैलगाडी. त्याहून वाईट म्हणजे कडक स्प्रिंग ऑफरोडलाच नडते. दगडावर एक चाक वर गेलं की दुसऱ्या बाजूचं चाक खाली लांब लटकून जमीन शोधायला पाहिजे, तरच पकड मिळते. कडक स्प्रिंगवर ते हवेत राहतं आणि गरगर फिरतं. मला तर वाटतं उंचीपेक्षा हे लटकणं जास्त कामाचं आहे. त्यासाठी शॉकअप लांब हालचालीचे हवेत, आणि वर दाबलं गेल्यावर टायर मडगार्डला किंवा शॉकअप स्वतःच्या बुडाला लागू नये म्हणून बम्प स्टॉप, म्हणजे चाकाला वर अडवणारे रबरी ठोकळे, तेही तेवढे लांब हवेत. किटच्या खोक्यात बम्प स्टॉप आहेत का ते उघडून बघा.

शॉकअपमधे साधे ट्विन ट्यूब आणि गॅसवाले मोनोट्यूब. लडाखसारख्या ठिकाणी मैलोन् मैल पत्र्यासारखा खरखरीत रस्ता वेगात कापायचा असेल तर शॉकअप तापतात, आतलं तेल फेसाळतं आणि गाडी होडीसारखी डुलायला लागते, तिथे मोनोट्यूबचा उपयोग. आपल्याकडे वेल्हे, भोर, मुळशी या बाजूला वेग असतो ताशी आठ-दहा, तापायला वेळच मिळत नाही, तिथे चांगल्या ट्विन ट्यूबला काही कमी नाही आणि मऊही असतात.

उलटण्याचं बोलायलाच हवं. गाडीचा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, दीड मीटर धरा, आणि वजनाचा मध्यबिंदू जमिनीपासून समजा ७०० मिमीवर. कागदावर ती ४७ अंशांपर्यंत कलू शकते. मध्यबिंदू ५० मिमी वर नेला की ४५. दोनच अंश, तुम्ही म्हणाल त्यात काय. पण हा कागद आहे, खऱ्या गाडीत उताराच्या बाजूच्या स्प्रिंगा दबतात, टायर चेपतो, टपावर कॅरिअर आणि त्यावर दोन कॅन, आत पाच माणसं एकाच बाजूला कललेली, त्यामुळे खरा आकडा त्याच्या बराच खाली असतो आणि तिथले दोन अंश महाग पडतात. जिम्नीचा ट्रॅक तर १.४ मीटरच आहे. आणि उलटायचं भय डोंगरात कमी, हायवेवर जास्त, समोर अचानक म्हैस आली आणि स्टेअरिंग झटकलं तर. लिफ्ट केलेल्या गाडीत वळणावरचा वेग पाच-दहाने कमी ठेवायचा, याला पर्याय नाही.

बसवतानाच्या दोन-तीन बारीक गोष्टी सांगतो, ज्या गॅरेजमधे समोर उभं राहून बघायच्या. आर्मच्या बोल्टांना आत रबरी बुश असतात, हे बोल्ट गाडी जॅकवर आणि चाकं लटकलेली असताना शेवटचे आवळायचे नाहीत. आवळले तर रबर त्या लटकलेल्या स्थितीत चिकटून बसतं आणि गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहतं, काही महिन्यांत फाटतं. आधी हाताने लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, थोडी हलवायची, मग खाली शिरून टॉर्क रेंचने आवळायचे. घाईतला पोरगा हमखास वरच आवळून टाकतो, त्याला गोड बोलून थांबवा. मग ब्रेकचा रबरी होज बघा, चाक पूर्ण लटकलेलं असताना तो ताणलेला दिसता कामा नये. काही गाड्यांना मागच्या ब्रेकचं प्रेशर कमीजास्त करणारा व्हॉल्व असतो, तो ॲक्सल आणि चासीतलं अंतर बघून काम करतो. लिफ्ट केली की त्याला वाटतं गाडी मागे रिकामी आहे आणि तो मागचा ब्रेक कमी देतो, त्याची दांडी नीट लावून घ्यावी लागते. हेडलाइट खाली करून घ्या, नाहीतर समोरचा शिव्या घालेल आणि बरोबरच घालेल. अलाइनमेंट लगेच एकदा आणि स्प्रिंगा बसल्यावर हजारेक किलोमीटरनंतर परत एकदा.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही ज्याने ती कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळी होईल, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मधे हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं आलं. रस्त्यावर लिफ्ट केलेल्या गाड्या ढीगभर दिसतात म्हणून ते कायदेशीर ठरत नाही, आणि खरी अडचण पोलिसापेक्षा विम्याची, अपघातानंतर सर्व्हेअर आला आणि त्याने मूळचं नसलेलं सस्पेन्शन लिहिलं की क्लेम अडकू शकतो. मी हे माहीत असून केलंय, जुन्या चारही स्प्रिंगा आणि शॉकअप माळ्यावर गोणपाटात ठेवलेत. तुम्ही करायचं का ते तुमचं तुम्ही बघा.

मावसभावाचं काय झालं ते राहिलंच. तो खरंच झोपला गाडीखाली. रात्री मला अकरा फोटो पाठवले, सगळे चिखलाचे, त्यातले निम्मे अंधारे. चकाकणाऱ्या जागा दोनच होत्या, एक दाराखालच्या साईड स्टेपच्या पाइपावर, चांगला चेपलेला, तो आधीच्या मालकाने बाहेरून लावून घेतला होता आणि चासीपेक्षा चार इंच खाली लटकत होता, आणि दुसरी मागच्या टो हुकवर. चासीला काही नाही, गोळ्यावर एक जुना ओरखडा. मी म्हटलं दोन्ही काढ, पाना आहे ना घरी? एका रविवारी सकाळी निघालं सगळं, आणि पोटाखाली चार इंच मोकळे झाले, खर्च शून्य. टायर मात्र चांगले ऑल टेरेन घेतले त्याने, कंपनीच्याच साइजचे, आणि लिफ्टचं पावसाळ्यानंतर बघू म्हणाला.

परवा मावशीचा फोन आला होता. मला वाटलं सहज केला असेल. तर म्हणे, "त्या पायरीचं डोकं तूच चालवलंस ना? आता मी गाडीत चढू कशी, शिडी लावून?"